ट्रान्सफॉर्मिंग रोबोचा रिव्ह्यू लिहिताना नेमकं काय तपासावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाहनात किंवा वस्तूत रूपांतर होणारे खेळण्यातले रोबो काही वर्षं जमवून झाले, आता त्यांच्यावर रिव्ह्यू लिहायचे आहेत. पण वाचलेले बहुतेक रिव्ह्यू आणि स्वतः लिहून पाहिलेले मसुदे सारखेच वाटतात. रोबो देखणा, गाडी बरी, बॅकपॅक (रोबोच्या पाठीवर उरलेला गाडीचा गठ्ठा) मोठा, रंगकाम ठीक. एवढ्यावरून वाचणाऱ्याला फिगर घ्यावी की नाही हे ठरवता येत नाही. मग पाहायचं काय आणि लिहायचं कसं?

रिव्ह्यूचा निम्मा भाग रूपांतराला द्या, हे माझं पहिलं आणि सर्वांत आग्रहाचं सांगणं. साधी फिगर एका अवस्थेत चांगली दिसली की तिचं काम झालं. इथे प्रत्येक पॅनेलला दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करायची असतात, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना कुठे घासायचं, अडकायचं किंवा वाकायचं नसतं. फोटोत फक्त दोन टोकं दिसतात. मधली वाट हातालाच कळते. ज्याच्याकडे ती फिगर नाही त्याला ही वाट दुसरं कोणी सांगणार नाही.

डब्यातून काढल्यावर पहिलं रूपांतर सूचनापत्रक समोर ठेवूनच करा. अनुभव कितीही असला तरी. हल्ली बहुतेक फिगर रोबोच्या रूपात डब्यात येतात, त्यामुळे पहिला प्रवास रोबोकडून वाहनाकडे होतो, आणि हीच दिशा सहसा अवघड असते, कारण शेवटी सगळी पॅनेल एका सलग पृष्ठभागात बसवायची असतात. दुसऱ्या वेळी पत्रक बाजूला ठेवा. त्यानंतर आणखी काही वेळा, वेगवेगळ्या दिवशी करून पाहा. पहिल्या वेळी सगळ्याच फिगर अवघड वाटतात, आणि पहिल्या वेळच्या त्राग्यावर लिहिलेला रिव्ह्यू आठवड्याभरात खोटा ठरतो. याच्या उलटही होतं. पहिल्यांदा छान घट्ट बसलेला टॅब, म्हणजे खाचेत अडकून भाग जागेवर धरणारी प्लास्टिकची जीभ, चौथ्या वेळी सुटू लागतो, आणि ते पहिल्या दिवशी लिहिणाऱ्याच्या रिव्ह्यूत कधीच येत नाही.

या फेऱ्यांमध्ये माझं लक्ष सर्वांत जास्त जोराकडे असतं. एखादा भाग हलत नसेल तर त्याची दोन कारणं असू शकतात: सांधा घट्ट आहे, किंवा कुठला तरी टॅब अजून सोडवलेला नाही. हाताला दोन्ही सारखंच वाटतं, पण परिणाम फार वेगळा. घट्ट सांधा वापराने सैलावतो. न सोडवलेला टॅब मोडतो. म्हणून अडलं की थांबायचं, फिगर उजेडात धरायची आणि बिजागरीच्या दोन्ही बाजू पाहायच्या. रंगीत प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली असेल तर तिथे ताण बसतो आहे. ही रेघ पुसली जात नाही. पुढे तडा जायचा असेल तर बहुधा तिथूनच जातो. रिव्ह्यूमध्ये "रूपांतर अवघड आहे" असं लिहिण्यापेक्षा "खांद्यामागचं पॅनेल उघडण्याआधी कमरेजवळचा टॅब सोडवा, तो पत्रकात दिसत नाही" असं लिहिलंत तर कोणाची तरी फिगर वाचेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. चांगल्या रचनेत चुकीच्या क्रमाने गेलात तर भाग पुढे सरकतच नाही आणि चूक लगेच कळते. कच्च्या रचनेत सगळं जवळजवळ बसतं, आणि अगदी शेवटी टपाचं पॅनेल मिलिमीटरभर उचललेलं राहतं. मग चूक कुठल्या पायरीवर झाली हे शोधत मागे जावं लागतं. कारण साधं आहे. प्रत्येक सांध्यात आणि खाचेत थोडी ढील असते, ती एकात एक मिळवत गेलं की शेवटच्या पॅनेलपाशी तिची बेरीज दिसते. लांबलचक रूपांतर असलेल्या फिगरमध्ये हा धोका वाढतोच. म्हणून शेवटचं पॅनेल बसलं का, नसेल तर कुठे परत जावं लागलं, आणि सगळं बसल्यावर गाडी टपाला धरून उचलली तर काही सुटतं का, हे जरूर लिहा. टेबलावर ठेवलेली गाडी फोटोत एकसंध दिसते. उचलल्यावर दार उघडतं, बंपर लोंबतो. खेळणं हातात घेण्यासाठी असतं, तेव्हा ही चाचणी सोडू नका.

तिसरी गोष्ट मला मनापासून आवडते: गाडी गेली कुठे, याचा शोध. बॉनेट, टप, काचा, चारही दारं, मागचा बंपर आणि चाकं, एकेक घेऊन रोबोच्या अंगावर त्यांची जागा शोधा. बॉनेटची छाती झाली की पाय? दारं हातांवर गेली की पाठीवर पंखांसारखी उभी राहिली? टप दुमडून पाठीत शिरला की तसाच लटकतो आहे? वाहनाचे जे तुकडे रोबोच्या अंगावर कामाविना राहतात त्यांना संग्राहक किबल म्हणतात. किबल असणं हा आपोआप दोष नाही. दारांचे पंख हे कितीतरी पात्रांच्या ओळखीचा भाग झाले आहेत. दोष तेव्हा, जेव्हा ते हाताला अडतं, तोल बिघडवतं किंवा कशालाच न धरता डुलत राहतं.

याच शोधात खोटे भाग सापडतात. रोबोच्या छातीवर गाडीची काच दिसते, पण खरी काच पाठीत दुमडलेली असते आणि छातीवरची फक्त तिची नक्कल असते. अनेक जण हे कळताच फिगरला नापास करतात. माझं मत थोडं सौम्य आहे. खऱ्या काचेला दुसरीकडे नीट जागा मिळाली असेल आणि नकलेमुळे छातीचा आकार साधत असेल तर तो रचनाकाराने केलेला उघड सौदा आहे. पण गाडीचं अख्खं कवच पाठीवर गोळा करून आत एक साधा रोबो उभा केला असेल, ज्याला शेलफॉर्मर म्हणतात, तर ते स्पष्ट लिहा. काही भाग काढून पुन्हा दुसरीकडे लावावे लागत असतील, म्हणजे पार्ट्सफॉर्मिंग असेल, तर तेही पहिल्या काही ओळींतच सांगा. ते चालतं की नाही हे वाचणारा ठरवेल.

सर्वांत सुंदर उदाहरण म्हणून मी नेहमी जपानी रचनाकार शोजी कावामोरी यांच्या व्हीएफ-१ वाल्कीरीकडे पाहतो. १९८२ च्या मॅक्रॉस या जपानी कार्टून मालिकेतलं हे लढाऊ विमान. इंजिनांचे पाय होतात, पायांच्या मधे दडलेले हात बाहेर येतात, पंख पाठीवर मिटतात. विमानाचा जवळजवळ प्रत्येक मोठा भाग रोबोत काही तरी काम करतो, आणि मधे थांबलं तर पाय फुटलेल्या विमानासारखं तिसरं रूपही मिळतं. कावामोरी रचना करताना लेगोच्या विटांनी नमुने बांधून पाहतात. रूपांतर कागदावर सोडवून भागत नाही, ते हातात फिरवून पाहावं लागतं, हे त्यावरून कळतं. या विमानाचं टाकाटोकू कंपनीने काढलेलं १:५५ प्रमाणातलं खेळणंच पुढे १९८५ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये जेटफायर म्हणून आलं. एखादी फिगर हातात असताना मी हाच प्रश्न विचारतो: यातला किती भाग दोन्हीकडे कामाला येतो?

हे उदाहरण दिल्यावर इतिहासाबद्दल बोलायला हवं, कारण जुन्या फिगरवर लिहिताना बरेच रिव्ह्यू अन्याय करतात. ट्रान्सफॉर्मर्स १९८४ मध्ये हॅस्ब्रोने आणले, पण खेळणी नव्याने घडवलेली नव्हती. जपानच्या टाकारा कंपनीच्या दोन मालिकांतून ती घेतली होती. १९८० मध्ये सुरू झालेल्या डायक्लोनमध्ये रोबो हे चालक बसवायचं यंत्र होतं. पायात चुंबक असलेली चिमुकली माणसं त्यात बसायची. त्यातल्या गाड्या साधारण १:६० प्रमाणातल्या, धातूचे भाग आणि रबरी टायर असलेल्या. गाडी हुबेहूब असणं हे त्यांचं मुख्य काम. १९८३ च्या मायक्रो चेंजमध्ये कल्पना वेगळी होती: घरातली वस्तूच रोबो होते. म्हणून तिथून आलेला साउंडवेव्ह कॅसेट प्लेअर झाला, मेगाट्रॉन पिस्तूल आणि पर्सेप्टर सूक्ष्मदर्शक. बम्बलबीची बुटकी, गुबगुबीत गाडीही मायक्रो चेंजचीच.

हे माहीत असलं की दोन गोष्टी आपोआप सुटतात. १९८४ च्या गाडीरोबोचे गुडघे वाकत नाहीत याची तक्रार करण्यात अर्थ नाही. ते करायचं कोणी ठरवलंच नव्हतं. आणि पिस्तुलाचा रोबो ट्रकच्या रोबोइतका मोठा कसा, या प्रश्नाचं उत्तर कथेत शोधायचं नसतं. दोघे दोन वेगळ्या कपाटांतून आले आहेत. जुन्या फिगरचा रिव्ह्यू लिहिताना तिने जे करायचं ठरवलं होतं ते किती नीट केलं, ते मोजा. क्रोम शाबूत आहे का, टायर कडक झाले आहेत का, गाडी नीट धावते का, स्टिकर मूळचे आहेत का. १९८५ पासूनच्या फिगरवर बोटाने चोळल्यावर उष्णतेने चिन्ह उमटणारी पट्टी असायची, अस्सलपणाची खूण म्हणून. ती अजून काम करते का, हेही जुनं घेणाऱ्याला हवं असतं.

सांध्यांचा मोठा बदल १९९६ च्या बीस्ट वॉर्स या ट्रान्सफॉर्मर्स मालिकेत झाला. बॉल जॉइंट (गोळ्याचे, सगळीकडे फिरणारे सांधे) सर्रास आले आणि रोबो खऱ्या अर्थाने पवित्रे घेऊ लागले. त्यानंतर २००३ मध्ये संग्राहकांसाठीच्या मास्टरपीस मालिकेतला पहिला ऑप्टिमस (ट्रकचा रोबो होणारं मुख्य पात्र), एमपी-०१, आला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच आणि धातूमुळे चांगलाच जड. २०११ चा एमपी-१० त्यापेक्षा लहान केला गेला, आणि त्याच्या मापावर पुढच्या मास्टरपीस गाड्यांचं प्रमाण बेतलं गेलं. २०१९ चा एमपी-४४ कार्टूनच्या रूपाशी जुळण्यासाठी फार पुढे गेला आणि त्याचं रूपांतर बरंच लांबलं. एमपी-१० आणि एमपी-४४ शेजारी ठेवून लिहिणं हा रिव्ह्यूकाराला उत्तम सराव आहे. एमपी-४४ उभा असताना अधिक पडद्यावरचा वाटतो. पण दिवसाच्या शेवटी सहज उचलून ट्रक करावा असं मला एमपी-१० बाबतच वाटतं. गुंतागुंत वाढली म्हणजे रचना श्रेष्ठ झाली असं मी मानत नाही. मोजक्या पायऱ्यांत दोन्ही रूपं पटतील अशी बसवणं हे अनेकदा जास्त कठीण काम असतं.

आता प्लास्टिक. इथे रिव्ह्यू सर्वांत पोकळ असतात आणि इथेच वाचणाऱ्याला सर्वांत जास्त मदत होते. बाहेरची कडक, चमकदार पॅनेल बहुधा एबीएस या प्लास्टिकची असतात. सांध्यांत, विशेषतः जिथे झीज होते तिथे, पीओएम हे दुसरं प्लास्टिक वापरतात. ते किंचित मेणचट, निसरडं लागतं आणि त्यावर रंग नीट धरत नाही. टोकदार भाग सुरक्षिततेसाठी मऊ असतात. पारदर्शक काचा बहुधा कडक, पण ताणाखाली तडकू शकणाऱ्या प्लास्टिकच्या. म्हणून बिजागरीची धातूची पिन थेट पारदर्शक प्लास्टिकमध्ये ठोकलेली दिसली की मी लगेच नोंद करतो. पहिल्या महिन्यात काही होत नाही, पण पिनेभोवती केसासारखे तडे येण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त. विंडशील्ड दुमडताना काचेलाच न धरता शेजारच्या रंगीत भागाला धरा, असा एक शब्द रिव्ह्यूत टाकायला काही लागत नाही.

रंगकामाबाबत "छान" किंवा "कमी" यापलीकडे जा. रंगवलेलं पॅनेल दुसऱ्या पॅनेलवरून सरकत असेल तर रंग खरवडला जाणारच. ती जागा शोधा आणि काही रूपांतरांनंतर तिचा जवळून फोटो काढा. खुंटीवर रंगाचा थर चढला तर ती जाड होते आणि खाचेत कोंबावी लागते. रंगवलेला भाग आणि त्याच रंगात ओतलेलं प्लास्टिक शेजारी आले तर दोघांची छटा उजेडानुसार वेगळी दिसते. खोलीतल्या दिव्यात आणि दिवसाच्या उजेडात, दोन्हीकडे पाहून लिहा.

म्हातारपणाचे दोन आजार संग्राहकांना ठाऊक असतातच, पण नवख्या वाचकासाठी लिहा. पांढऱ्या एबीएसला काळानुसार पिवळेपणा येतो. सूर्यप्रकाश ते वाढवतो, आणि बंद डब्यातही ते पूर्ण टळतं असं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा काढता येतो, मात्र स्टिकर आणि रंग सांभाळावे लागतात आणि पिवळेपणा परतही येऊ शकतो. दुसरा आजार जास्त क्रूर आहे. सोनेरी चकाकीचे कण घातलेलं, आत लाटांसारखी रेघ दिसणारं जे प्लास्टिक काही जुन्या फिगरमध्ये वापरलं गेलं, ते काळानुसार इतकं ठिसूळ होतं की नुसतं हलवल्यावर चुरा होतो. संग्राहक याला गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम म्हणतात. १९८८ चा ब्लॅक झॅरक हे याचं प्रसिद्ध उदाहरण. अशी फिगर हाती आली तर रूपांतर करून दाखवण्याचा हट्ट धरू नका. आहे त्या रूपात फोटो काढा आणि का हात लावला नाही ते सांगा.

सांधे तपासताना प्रकार ओळखा. नुसत्या पिनेवरचा घर्षणाचा सांधा, गोळ्याचा म्हणजे बॉल जॉइंट, टोकाला टोपी असलेल्या खुंटीचा मशरूम जॉइंट, आणि टकटक करत थांबणारं रॅचेट. मोठ्या, जड फिगरला मांडीत रॅचेट हवंच, नाहीतर पाय फाकत जातात. लहान फिगरला रॅचेट दिलं तर त्याच्या दोन थांब्यांमध्ये हवी ती मुद्रा अडकते. म्हणजे "रॅचेट आहे" हे कौतुक नाही. त्याचे दात किती बारीक आहेत आणि हवा तिथे पाय थांबतो का, ते सांगा.

सैल सांध्याबद्दल लिहिण्याआधी एक काळजी घ्या. तुमच्या हातात एकच नग आहे. सैल गुडघा हा रचनेचा दोष असेल किंवा फक्त तुमच्या नगाचा. दुसऱ्या संग्राहकांकडच्या नगांची विचारपूस करा आणि रिव्ह्यूत "माझ्या नगात" असे शब्द वापरा. तसंच, काहीच जुळत नसेल तर आधी फिगर नीट जोडली गेली आहे का ते पाहा. डावा आणि उजवा भाग अदलाबदल झालेला, मांडी उलटी बसवलेली, पिन पूर्ण आत न ठोकलेली, हे कारखान्यात होतं. दोन्ही बाजूंची एकमेकींशी तुलना केली की बहुधा दोन मिनिटांत कळतं. पिन काढावी लागलीच तर तिचं खरबरीत, रेघा असलेलं टोक शोधा आणि उलट्या, गुळगुळीत टोकाकडून हलकेच ठोकून ती खरबरीत बाजूने बाहेर काढा. उलट दिशेने ठोकली तर भोक रुंदावतं किंवा प्लास्टिक फुटतं. सैल गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा किंवा फ्लोअर पॉलिशचा पातळ थर देऊन, पूर्ण वाळल्यावरच जोडणं, हा उपायही सांगून टाका. किरकोळ उपायाने सुटणारा दोष आणि न सुटणारा दोष यांत फरक करणारा रिव्ह्यू वाचकाच्या खरंच कामाचा असतो.

वाहनाच्या रूपाबद्दल मी कमी लिहितो, कारण तिथे पाहायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. चारही चाकं टेकतात का आणि गाडी धावते का. खालून पाहिलं तर रोबोचे हात, डोकं किती उघडं पडतं. पॅनेलमधल्या फटी समान आहेत का. हत्यारं वाहनात कुठे राहतात. परवानाधारक गाडी असेल, जशी मास्टरपीसच्या २०१२ च्या लॅम्बॉर या रोबोची लॅम्बॉर्गिनी कुंटाश, तर मोजमापात सूट घेता येत नाही आणि रचनाकाराचं काम कठीण होतं. हे लक्षात घेऊन गुण द्या. परवाना नसलेल्या गाडीत रोबोच्या सोयीसाठी टप उंच किंवा बॉनेट आखूड केलेलं सापडतं, ते शेजारी खऱ्या गाडीचं चित्र ठेवलं की दिसतं.

रोबोच्या रूपात बहुतेक रिव्ह्यू कोपर किती अंश वाकतं याची जंत्री देतात. अंशांपेक्षा तोल आधी पाहा. पाठीवर गाडीचं वजन असेल तर टाचेला मागे आधार आहे का? घोट्याला बाजूला झुकण्याची सोय आहे का, म्हणजे पाय फाकले तरी तळवा सपाट राहील? कंबर फिरते का, की रूपांतराच्या सांध्याने तिला जखडलं आहे? मान वर पाहू शकते का? उडणाऱ्या पात्रासाठी ही शेवटची गोष्ट फार मोठी ठरते, आणि चालणाऱ्या ट्रकसाठी फारशी नाही. पात्राला साजेशा चार-पाच मुद्रा ठरवा, त्याच प्रत्येक फिगरला लावा. मग तुमचे रिव्ह्यू एकमेकांशी ताडून पाहता येतात. डोक्याच्या टोकापर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये द्या. डिलक्स, व्हॉयेजर, लीडर ही वर्गांची नावं आकाराचा अंदाज देतात, पण एकाच वर्गात मोठा फरक पडतो.

पाच मिलिमीटरच्या खुंट्या आणि भोकं हा आता जवळजवळ सामायिक नियम झाला आहे. ट्रान्सफॉर्मर्सच्या २०१९ च्या सीज मालिकेपासून तर अंगभर भोकं दिसू लागली, आणि एकाचं हत्यार दुसऱ्याला देता येऊ लागलं. इथे फिगरच्या स्वतःच्या हत्याराबरोबर दुसऱ्या मालिकेतलं हत्यारही लावून पाहा. मुठीचं भोक थोडं लहान असेल आणि खुंटी रंगवलेली असेल तर मूठ फाटते. जोडून मोठा रोबो होणाऱ्या संचांची, म्हणजे कम्बायनरची, परीक्षा वेगळी. १९८५ चा सहा यंत्रांचा डेव्हास्टेटर असो की २०१५ च्या कम्बायनर वॉर्समधली व्हॉयेजरचं धड आणि डिलक्सचे हातपाय अशी मांडणी असो, एकेक फिगर चांगली असून जोडल्यावर गुडघे वजनाने खचू शकतात. जोडलेला रोबो एक रात्र उभा ठेवा, सकाळी पाहा, आणि मग लिहा.

रिपेंटवर, म्हणजे त्याच साच्यातून नव्या रंगात काढलेल्या फिगरवर, लिहिताना मूळ साच्याचा रिव्ह्यू पुन्हा लिहू नका. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे तिघे १९८४ मध्ये एकाच साच्यातून निघाले, आणि तेव्हापासून एका साच्यातून अनेक पात्रं काढणं हा या छंदाचा पाया आहे. रिपेंटमध्ये पाहायचं ते एवढंच: नवं डोकं किंवा भाग आहे का, साचा झिजल्याने कडा बोथट झाल्या आहेत का, आणि बसणं बदललं आहे का. रंग बदलला की प्लास्टिकचं मिश्रण बदलतं, आणि तोच साचा एका रंगात घट्ट तर दुसऱ्या रंगात सैल निघतो. मूळ फिगर ज्याच्याकडे आहे त्याला हेच जाणून घ्यायचं असतं.

नकली नग आणि तृतीय पक्षाच्या फिगर यांत गल्लत करू नका. तृतीय पक्षाचे गट स्वतःची रचना करतात, पात्र मात्र ओळखीचं असतं आणि अधिकृत परवाना नसतो. नकली नग म्हणजे दुसऱ्याच्या तयार रचनेची नक्कल, कधी मूळ मापात, कधी मोठी करून. मोठ्या केलेल्या नकलेत आकार वाढतो पण सांध्याची पकड त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून ती वजनाने झुकते. रिव्ह्यूच्या सुरुवातीलाच हे कोणत्या प्रकारचं आहे ते लिहा. विकत घेतलं, कोणी दिलं की उसनं आणलं, तेही.

फोटो काढताना पाठ आणि बाजू टाळू नका. समोरून सगळेच रोबो चांगले दिसतात. रूपांतराचा व्हिडिओ करणार असाल तर अडलेल्या जागा कापू नका. तिथेच वाचकाला थांबायचं असतं. आणि दहापैकी गुण देण्याचा मोह झाला तर वाहन, रोबो आणि रूपांतर यांना वेगवेगळे गुण द्या. दोन सुंदर रूपांमध्ये एक कटकटीचं रूपांतर असलेली फिगर आणि साधी रूपं पण अप्रतिम रूपांतर असलेली फिगर यांची सरासरी सारखीच येऊ शकते. त्या घेणारी माणसं मात्र वेगळी आहेत. जो शेल्फवर एकदा उभी करून ठेवणार त्याला पहिली चालेल, जो रोज हातात घेणार त्याला दुसरी. मुलासाठी घेणाऱ्याला डब्यावरच्या वयापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल की कोणत्या पायरीवर मोठ्या माणसाची मदत लागेल आणि कोणता भाग निसटून पडला तर परत बसतो.

प्रकाशित केल्यावर काही महिन्यांनी फिगर पुन्हा हातात घ्या, एकदा पूर्ण फिरवा, आणि रिव्ह्यूच्या खाली तारखेसह दोन ओळी जोडा: कोणता सांधा सैलावला, कुठला रंग गेला, कुठला टॅब अजून तितकाच पक्का बसतो.